टॉमकाका ते जेम्स

एप्रिल २००१ मध्ये अटलांटाच्या संघीय न्यायालयाने एका कादंबरीच्या प्रकाशनाला मनाई केली. अ‍ॅलिस रँडल यांची ‘द विंड डन गॉन’ ही ती कादंबरी. मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’मधली घरे, माणसे आणि प्रसंग घेऊन रँडल यांनी तीच गोष्ट सिनारा नावाच्या गुलाम मुलीच्या रोजनिशीतून सांगितली होती. सिनारा ही मूळ कादंबरीची नायिका स्कार्लेट ओ’हाराची सावत्र बहीण. मळ्याच्या मालकाला घरातल्या मॅमी या गुलाम दाईपासून झालेली मुलगी. ही सरळसरळ चोरी आहे, असे मिचेल यांच्या वारसांच्या वतीने विश्वस्त बँकेने मांडले आणि खालच्या न्यायालयाला ते पटले. पुढच्याच महिन्यात वरच्या न्यायालयाने मनाई उठवली. एखाद्या कृतीवर टीका करायची तर तिच्यातली पात्रे हाताशी घ्यावी लागतात, हे ऑक्टोबरमधल्या सविस्तर निकालात मान्य झाले आणि पुढच्या वर्षी तडजोडीने प्रकरण मिटले. असे एखादे पुस्तक आले की वाचकाच्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते: आधी एक निर्मळ अभिजात कृती होती, आणि आजच्या कुणा लेखकाने आपल्या राजकारणासाठी तिच्यात ढवळाढवळ केली. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या कादंबऱ्यांचा इतिहास पाहिला की हे चित्र टिकत नाही. ‘गॉन विथ द विंड’ हीच मुळात कुणाला तरी दिलेले उत्तर होती, ज्यांना ते उत्तर होते त्यांचे पुस्तकही राजकीय होते, आणि या मालिकेला पावणेदोनशे वर्षे होत आली आहेत. तेव्हा राजकारणासाठी जुनी गोष्ट नव्याने लिहावी की नाही, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. लिहिणाऱ्याने मूळ पुस्तकातली आपल्याला अडचणीची साक्ष तपासली की दडवली, हे पाहायला हवे.

मालिकेची सुरुवात हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’पासून धरता येते. पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याची सक्ती उत्तरेतल्या नागरिकांवरही करणारा कायदा १८५० मध्ये झाला, आणि त्या संतापातून ही कादंबरी जून १८५१ पासून ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. १८५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा पहिल्याच वर्षात अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. दक्षिणेतून लगेच उत्तरे येऊ लागली. मेरी ईस्टमन यांची ‘आंट फिलिसेस केबिन’ त्याच वर्षीची. गुलाम मालकाघरी कसे सुखात नांदतात हे दाखवणाऱ्या अशा कादंबऱ्यांची पुढे रांगच लागली. रंगभूमीने तर टॉमचे रूपच पालटले. स्टो यांचा टॉम धट्टाकट्टा, ऐन उमेदीतला, लहान मुलांचा बाप आहे. पळून गेलेल्या दोघींचा ठावठिकाणा सांगायला तो नकार देतो आणि त्यासाठी मार खाऊन मरतो. तोंडाला काजळी फासलेल्या गोऱ्या नटांनी गावोगावी त्याला पांढऱ्या केसांचा, वाकलेला, धन्यापुढे लाळघोटेपणा करणारा म्हातारा करून टाकले. ‘अंकल टॉम’ ही शिवी झाली ती या नाटकवाल्यांमुळे. कादंबरीत तिला फारसा आधार सापडत नाही. स्टो यांना हे थांबवता येत नव्हते, कारण तेव्हाचा कायदा त्यांच्या बाजूचा नव्हता. फिलाडेल्फियातल्या एका जर्मन वृत्तपत्राच्या मालकाने परवानगी न घेता कादंबरीचे भाषांतर छापले म्हणून त्या न्यायालयात गेल्या आणि १८५३ मध्ये हरल्या. पुस्तक एकदा प्रसिद्ध झाले की त्यातली पात्रे डॉन किहोटे आणि सांचो पांझा यांच्यासारखी सर्वांची होतात, अशा अर्थाचा निर्वाळा न्यायमूर्ती ग्रिअर यांनी दिला. हेच ग्रिअर पुढे १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात गुलामगिरीच्या बाजूने निकाल देणाऱ्या बहुमतात होते. भाषांतराचा आणि नाट्यरूपांतराचा हक्क राखून ठेवण्याची सोय लेखकाला मिळाली ती १८७० च्या कायद्याने.

या मालिकेतला सर्वांत विषारी दुवा म्हणजे टॉमस डिक्सन. नॉर्थ कॅरोलायनाचा हा माजी धर्मोपदेशक ‘अंकल टॉम्स केबिन’चे नाटक पाहून पेटून उठला आणि त्याने ‘द लेपर्ड्स स्पॉट्स’ ही कादंबरी लिहिली, असे सांगतात. १९०२ मध्ये ती आली. आजच्या भाषेत सांगायचे तर अभिजात कृतीचे हे राजकीय पुनर्लेखनच होते, कारण स्टो यांची पात्रे डिक्सनने नावानिशी उचलली. मूळ कादंबरीतला क्रूर मळेवाला सायमन लेग्री इथे अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मतांवर सत्ता मिळवणारा पुढारी होतो आणि पुढे धनाढ्य गिरणीमालक. लेग्री हा मूळचा उत्तरेतला, हे स्टो यांनीच लिहिले आहे. पापाचा वाटा उत्तरेचाही आहे हे त्यांना दाखवायचे होते. तो धागा डिक्सनने बरोबर पकडला. पण त्याच लेग्रीने वासनेसाठी बाळगलेली कॅसी आणि तिच्या जागी नव्याने विकत आणलेली एमेलिन यांचे काय? मळ्यांवरच्या स्त्रियांवर मालकांनी केलेला अत्याचार हा स्टो यांच्या आरोपपत्राचा गाभा आहे. डिक्सनने तो पुसून टाकला आणि त्याच आरोपाचे तोंड फिरवले. त्याच्या कादंबऱ्यांत धोका असतो तो गोऱ्या स्त्रीला, आणि तो कृष्णवर्णीय पुरुषाकडून. १९०५ च्या त्याच्या ‘द क्लॅन्समन’वरून १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची पुन्हा स्थापना झाली. पुनर्लेखन हे फक्त दबलेल्यांचे हत्यार आहे असे ज्यांना वाटते त्यांनी डिक्सनला विसरू नये.

मार्गारेट मिचेल याच अटलांटात, याच हवेत वाढल्या. लहानपणी त्यांनी डिक्सनच्या ‘द ट्रेटर’वरून घरच्या घरी नाटक बसवले होते. १९३६ मध्ये ‘गॉन विथ द विंड’ आल्यावर वृद्ध डिक्सनने अभिनंदनाचे पत्र पाठवले, तेव्हा आपण त्यांच्या पुस्तकांवरच पोसलो गेलो असे मिचेल यांनी त्यांना कळवले. कादंबरीत स्टो यांना उत्तरही आहे. अटलांटात आलेल्या उत्तरेकडच्या बायका ‘अंकल टॉम्स केबिन’ हा जणू धर्मग्रंथच समजून स्कार्लेटला गुलामांमागे सोडल्या जाणाऱ्या शिकारी कुत्र्यांबद्दल विचारतात, आणि त्या किती अडाणी आहेत हे लेखिका दाखवते. क्लॅनचे घोडेस्वार इथे घरच्या स्त्रियांची अब्रू राखणारे सज्जन आहेत. १९३९ च्या चित्रपटाने क्लॅनचे नाव तेवढे गाळले. पण या पुस्तकाचे राजकारण त्यात जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहिले नाही त्यात अधिक आहे. स्कार्लेटच्या घरच्या टारा या विस्तीर्ण मळ्यावर मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले एकही मूल नाही. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून अधिक गुलाम नोंदले गेले आणि त्यांतल्या चार लाखांहून अधिक लोकांची गणना करणाऱ्यांनीच ‘मिश्र रक्ताचे’ अशी नोंद केली. दहांतला एक. शेकडो पानांच्या कादंबरीत धान्य, कापूस, कपडे, आजार, अंत्यसंस्कार यांचे बारीकसारीक तपशील देणाऱ्या लेखिकेच्या नजरेतून हे सुटले, असे मानणे कठीण आहे. मॅमीला शेवटपर्यंत स्वतःचे नावही मिळत नाही. १९३५ मध्ये, म्हणजे कादंबरीच्या एकच वर्ष आधी, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा मोठा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला होता. यादवीनंतरच्या काळात मुक्त झालेल्या लोकांनी शाळा, मतदान आणि कायदेमंडळे कशी उभी केली, हे त्यात कागदपत्रांनिशी मांडलेले आहे. तेव्हा मिचेल यांनी जे लिहिले त्याहून वेगळे त्या काळात कुणाला ठाऊकच नव्हते, ही सबब चालणार नाही.

रँडल यांची सिनारा नेमकी या रिकाम्या जागेतून उभी राहते. त्यांनी बाहेरून काही आणून मिचेल यांच्या घरात ठेवले नाही. जनगणनेत होते आणि कादंबरीत नव्हते ते जागेवर ठेवले. कादंबरी म्हणून ‘द विंड डन गॉन’ मला मध्यम वाटते. रोजनिशीची तुटक भाषा मध्येच भारावून जाते, आणि घरातले नोकर हेच खरे सूत्रधार असल्याचे दाखवताना लेखिकेने मालकवर्गाला फारच बावळट केले आहे. पण मॅमीची आपल्या पोटच्या मुलीपेक्षा मालकाच्या मुलीवर अधिक माया का, हा सिनाराला आयुष्यभर जाळणारा प्रश्न खरा आहे, आणि तो मिचेल यांच्या पुस्तकाच्या पोटातूनच निघतो. मॅमीचे अपार वात्सल्य मिचेल यांनी लिहिले आणि त्याची किंमत कुणी मोजली ते लिहायचे टाळले. टोनी मॉरिसन यांच्यासारख्या लेखिकेने या पुस्तकाच्या बाजूने न्यायालयात निवेदन दिले, यात आश्चर्य नाही.

मराठी वाचकाला ही सगळी परमुलखातली भांडणे वाटू नयेत. १८७३ मध्ये पुण्यातून जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते पुस्तक त्यांनी अर्पण केले. अमेरिकेत तो मुक्तीनंतरच्या पुनर्बांधणीचा काळ होता. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, तो प्रयोग मोडीत निघाला, आणि त्या मोडतोडीचे गोडवे डिक्सनने गायले. फुल्यांचे पुस्तक स्वतःच जुन्या गोष्टीचे राजकीय पुनर्लेखन आहे. मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथा त्यांनी जोतीबा आणि धोंडीबा यांच्या संवादातून एकेका आक्रमणाचा इतिहास म्हणून वाचल्या. त्यांच्या मत्स्य-कच्छाच्या उलगड्यात आजच्या इतिहासाच्या कसोटीला उतरणारे फारसे नाही, हे मान्य करायला हवे. बळी-वामनाच्या कथेत मात्र त्यांनी मूळ कथेतलीच अडचण पुढे आणली: दिलेला शब्द पाळणाऱ्या दानशूर राजाला पाताळात का जावे लागले? कथेने हा प्रश्न दडपला, पण लोकांनी दडपला नव्हता. इडा पीडा टळो आणि बळीचे राज्य येवो, हे मागणे ओवाळणाऱ्या बायकांच्या तोंडी फुल्यांच्या कितीतरी आधीपासून होते, आणि फुल्यांनी त्याचीच साक्ष काढली. पुढे १९०७ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांनी ‘कीचकवध’ लिहिले. विराटाच्या दरबारात दाद मागणारी द्रौपदी, सबुरीचा उपदेश करणारा युधिष्ठिर आणि धुमसणारा भीम हे तिघे महाभारतात जसे होते तसेच रंगमंचावर आले. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. मूळ पर्वातच ती आग होती म्हणून नाटक पेटले.

या पार्श्वभूमीवर पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ वाचावी. २०२४ मध्ये आलेल्या या कादंबरीला त्या वर्षीचा नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबेरी फिन’ची गोष्ट इथे पळालेला गुलाम जिम स्वतः सांगतो. ट्वेन हे डिक्सन किंवा मिचेल यांच्या पंगतीतले नव्हते. धुक्यात चुकामूक झाल्यावर हक जिमची टिंगल करतो, जिम त्याला दोन शब्द सुनावतो आणि हक माफी मागतो, हा प्रसंग १८८५ च्या अमेरिकेत लिहायला धैर्य लागले असेल. पण ट्वेन यांच्या पुस्तकात एक मोठी फट आहे. सोळाव्या प्रकरणात जिम सांगतो, की स्वतंत्र झाल्यावर पैसा पैसा जमवून आधी बायको आणि मग दोन मुले सोडवून आणीन. मालकाने विकली नाहीत तर चोरून आणवीन. तेविसाव्या प्रकरणात बहिऱ्या झालेल्या मुलीला आपण नकळत मारले, हे आठवून तो रडतो. शेवटी तो स्वतंत्र होतो. मालकीण त्याला मृत्युपत्रात मुक्त करून दोन महिन्यांपूर्वीच वारलेली असते, आणि हे माहीत असूनही हकचा मित्र टॉम सॉयर याने गंमत म्हणून कैदेतून त्याची सुटका लांबवलेली असते. टॉम त्याला चाळीस डॉलर देतो, जिम खूश होतो, आणि पुस्तक संपते. बायकोचे आणि मुलांचे नावही निघत नाही. जिमला पुन्हा पकडतात तिथेच वाचकाने थांबावे, असे हेमिंग्वे यांनी १९३५ मध्येच म्हटले होते. एव्हरेट यांनी टॉम सॉयरचा खेळ टाकून दिला आणि जिथे ट्वेन विसरले तिथून आपली गोष्ट चालवली: त्यांचा जेम्स विकल्या गेलेल्या बायकोला, सेडीला, आणि मुलीला, लिझीला, शोधायला परत जातो.

एव्हरेट यांच्या कादंबरीतला सुरुवातीचाच एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. जेम्स झोपडीत मुलांना बसवून भाषा शिकवतो, पण उलट्या दिशेने. आपापसांत ही मुले शुद्ध, नेटकी इंग्रजी बोलतात. गोऱ्यांसमोर कसे अडखळायचे, शब्द कसे मोडायचे, हा धडा चाललेला असतो. स्वयंपाकघरात आग लागलेली दिसली तर मालकिणीला काय सांगायचे? एक मूल सरळ आग लागल्याचे सांगते. चूक. नुसते तिकडे बोट दाखवून हाय हाय करायचे, कारण संकटाला नाव देण्याचा मान गोऱ्यांचा असतो. पुढे जॉर्ज नावाचा एक गुलाम जेम्ससाठी मालकाची पेन्सिल चोरतो आणि त्यापायी त्याचा जीव जातो. पेन्सिलीच्या त्या तुकड्यामागे खरा इतिहास उभा आहे. १८३१ मधल्या नॅट टर्नर या गुलामाच्या बंडाच्या सुमारास व्हर्जिनियासारख्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवणे गुन्हा ठरवले होते. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनात मालकाने बायकोला अक्षरे शिकवण्यापासून कसे रोखले, ते वाचायला मिळते. सगळेच गुलाम खाजगीत पुस्तकी इंग्रजी बोलत, हे इतिहास म्हणून खरे नाही आणि एव्हरेट यांचाही तसा दावा दिसत नाही. पण गोऱ्यांसमोर मुखवटा चढवावा लागे, हे गुलामांच्या आत्मकथनांतून स्पष्ट दिसते. ट्वेन यांनी जी बोली कानांनी टिपली ती मुखवट्यामागून आलेली असू शकते, ही शंका एकदा मनात आली की मूळ पुस्तक पूर्वीसारखे वाचता येत नाही.

एव्हरेट यांनाही तीच कसोटी लावायला हवी. ट्वेन यांच्या पुस्तकातला सर्वोच्च क्षण म्हणजे एकतिसावे प्रकरण: जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र हक फाडतो आणि त्यासाठी नरकात जायला तयार होतो. धर्म, कायदा आणि शिकवण हे सगळे विरोधात असताना एक गोरा पोरगा परक्या माणसाची बाजू घेतो. गोऱ्यांच्या बाजूने बोलणारी ही साक्ष मोठी आहे. एव्हरेट यांनी हक हा जेम्सचाच मुलगा असल्याचे उघड केले. त्यामुळे कथानकाला कलाटणी मिळाली, पण त्यांचे नाते रक्ताचे झाले आणि हकच्या निवडीचे मोल उतरले. जिथे मूळ पुस्तक सर्वांत बलवान आहे तिथे नव्या लेखकाने त्याच्याशी झुंज घ्यायला हवी होती. एव्हरेट यांनी तिथे बगल दिली, असे माझे मत आहे.

अशा पुनर्लेखनावरचे आक्षेप तीन आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला, की आजच्या मापाने जुन्यांना मोजणे अन्यायाचे आहे. पण वर पाहिलेले जवळजवळ प्रत्येक माप त्या त्या काळातलेच आहे. जनगणना १८६० ची. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी सात वर्षे माळ्यावर लपून राहिलेल्या हॅरिएट जेकब्स यांचे आत्मकथन १८६१ चे. जेकब्स यांनी आपली हकीकत लिहिण्यासाठी स्टो यांच्याकडे मदत मागितली होती. स्टो यांना ती स्वतःच्या पुस्तकात वापरायची होती, तेव्हा जेकब्स यांनी स्वतःच लिहिले. म्हणजे नव्या कादंबरीकारांचे म्हणणे तेव्हाही मांडले गेले होते, ते ऐकले गेले नाही. दुसरा आक्षेप, की हेतू ठेवून लिहिले की माणसांची बाहुली होतात. जेम्स बॉल्डविन यांनी १९४९ मध्ये खुद्द स्टो यांच्यावर हाच ठपका ठेवला, आणि टॉमबाबत तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण दोष हेतूचा असता तर हेतू असलेले प्रत्येक पुस्तक फसले असते. जीन र्‍हिस यांनी १९६६ च्या ‘वाइड सारगासो सी’मध्ये ‘जेन एअर’मधल्या माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोला तिचे बालपण दिले, आणि ते देताना ती गुलामांच्या मालकाची मुलगी आहे, शेजारच्या टियाने तिला मारलेल्या दगडामागे कारण आहे, हे लपवले नाही. अल्जेरियाच्या कामेल दाऊद यांनी २०१३ मध्ये काम्यूच्या ‘द स्ट्रेंजर’मधल्या निनावी अरबाला मूसा हे नाव आणि हारून हा भाऊ दिला. पण हाच हारून स्वातंत्र्याच्या दिवसांत एका फ्रेंच माणसाला ठार करतो, आणि नव्या राजवटीचा अधिकारी त्याला खुनाबद्दल विचारत नाही, हा खून स्वातंत्र्याच्या आधी का केला नाहीस, असे विचारतो. आपल्याच देशाच्या मुक्तिलढ्याला इतका बोचरा प्रश्न घालणाऱ्या पुस्तकाला प्रचार म्हणता येणार नाही. एका मौलवीने २०१४ मध्ये दाऊद यांना देहदंड द्यावा अशी मागणी केली, ती त्यांच्याच देशातून आली.

उरतो तो मूळ ग्रंथाची नासधूस होते हा आक्षेप. २०११ मध्ये अलाबामातल्या एका प्रकाशनाने ‘हकलबेरी फिन’मधला दोनशेहून अधिक वेळा आलेला कृष्णवर्णीयांसाठीचा हीन शब्द काढून तिथे ‘गुलाम’ असा शब्द घातला. नासधूस म्हणावी तर याला, हेतू कितीही चांगला असो. ‘जेम्स’ ट्वेन यांच्या एका अक्षरालाही हात लावत नाही. उलट मूळ शब्द जसेच्या तसे समोर असल्याशिवाय त्याचा अर्धा अर्थ लागत नाही. म्हणून मराठी वाचकाने आधी ‘हकलबेरी फिन’ पूर्ण वाचावी, शेवटच्या कंटाळवाण्या प्रकरणांसकट, आणि मगच ‘जेम्स’ हाती घ्यावी.

ट्वेन यांचे पुस्तक स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळे झाले असल्याने एव्हरेट यांना कुणाची परवानगी लागली नाही. ‘गॉन विथ द विंड’वरचा अमेरिकेतला हक्क २०३१ च्या अखेरीस संपेल. १ जानेवारी २०३२ पासून टाराची गोष्ट कुणालाही लिहिता येईल. रँडल यांच्या वारसदारांना आणि डिक्सनच्याही.